मुलगा पाहण्याचा कार्यक्रम, पुएर्तो ब्लांको

"माळ सैल झाली तुमच्या चरख्याची... म्हणून सूत तुटून राह्यलं."

हे वाक्य वर्ध्यात कुणी ऐकवलं असतं, तर "दिसतंय मला" म्हणून मान वर न करताच मी त्याची बोळवण केली असती. चरख्याबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण मी बसले होते स्पेनमध्ये! समुद्रकाठच्या पुएर्तो ब्लांको नावाच्या गावात, दगडी फरसबंदीच्या चौकात, एका संत्र्याच्या झाडाखाली. सकाळपासून माझ्याभोवती माणसं जमत होती, वाकून वाकून चरखा बघत होती, आणि त्यांच्या बोलण्यातलं एक अक्षरही मला कळत नव्हतं. त्यात अचानक हे... अस्सल आपल्याकडचं! माझ्या हातातला कापसाचा पेळूच खाली पडला.

मी वर पाहिलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, उन्हानं रापलेला चेहरा आणि ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं अडवून धरलेलं हसू.

"तुम्ही... मराठी?"

"वर्ध्याचा. म्हणजे तसा सिंदी मेघेचा." त्यानं खाली वाकून पेळू उचलला, त्यावरची धूळ फुंकली आणि माझ्या हातात दिला. "रुपेश."

 या माणसाचा फोटो आमच्या घरी टीव्हीवर महिनाभर पडून होता.

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या मे महिन्यातली. वर्ध्यातल्या एका खादी संस्थेत मी सूत आणि नैसर्गिक रंगाचं काम बघत होते. पुएर्तो ब्लांकोच्या हस्तकला जत्रेचं बोलावणं आलं आणि आम्ही तिघं विमानात बसलो. एक मी. दुसऱ्या अनुसयाबाई, साठीच्या, संस्थेत सगळ्यांत बारीक सूत कातणाऱ्या आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलणाऱ्या. तिसरे आमचे सचिव पुंडलिकराव, ज्यांना जगातल्या कुठल्याही विषयावर आपलं मत असतं. आल्या आल्या त्यांनी चौकातलं संत्रं तोडलं. जत्रेतली एक बाई हात हलवून "नो, नो" करत होती. "संत्रं काय असते ते विदर्भाच्या माणसाले सांगून राह्यली," असं म्हणत त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि पुढची पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. ती झाडं नुसती शोभेची होती. फळ कारल्याला लाजवेल असं कडू.

तर तो फोटो. दहा महिन्यांपूर्वी, आषाढात, सिंदी मेघेहून रुपेशची आई, धुरपताबाई, आपल्या बहिणीला घेऊन मला पाहायला आल्या होत्या. मुलगा जहाजावर नोकरीला, म्हणून त्याच्या बदली त्याचा फोटो. मी चहा-पोहे दिले. उंची सांगितली, शिक्षण सांगितलं, चालून दाखवलं. पाहुण्या हसल्या, "बरं येतो" म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर काही नाही. ना होकार, ना नकार. महिनाभरानं बाबांनी फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवला. "त्यायचा इचार नसन बेटा," एवढंच म्हणाले.

मला त्याआधी तीन नकार आले होते. एकाला रंग सावळा वाटला, एकाला उंची कमी, एकाला माझी नोकरी नको होती. पण त्यांनी निदान तोंडानं सांगितलं. या माणसानं तेवढीही तसदी घेतली नाही, याचा मला फार राग आला होता. आणि खरं सांगायचं तर राग येण्याचं कारण असं की फोटो मला आवडला होता.

"आणि तुमचं नाव?" तो विचारत होता.

"काजल."

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं का, हे मी नीट निरखून पाहिलं. काही नाही. तो गुडघ्यावर बसून चरख्याच्या चाकावरची माळ ताणत होता. याला आठवतसुद्धा नाही! मी मनात म्हटलं, ठीक आहे बाबा. मलाही नाही आठवत.

"तुम्हाला चरखा कसा येतो?"

"शाळेत सूतकताईचा तास होता. नापास झालो होतो मी त्याच्यात."

"सूतकताईत कुणी नापास होतं का?"

"मी झालो. सगळ्यांनी लड्या दिल्या, मी गुंता नेऊन दिला." त्यानं चाक फिरवून पाहिलं. "घ्या. आता नाई तुटणार."

सूत खरंच तुटलं नाही. त्याचाही मला रागच आला.

* * *

दुपारचे दोन वाजले आणि गाव बंद झालं. दुकानांच्या फळ्या पडल्या, खिडक्या मिटल्या, चौकातली माणसं पाच मिनिटांत नाहीशी झाली.

"आता पाचपर्यंत इथं कोणी हलत नाई," रुपेश म्हणाला. "जेवतात अन् झोपतात."

"आपल्याकडं सेहेचाळीस डिग्रीत दुकान उघडं राह्यते," पुंडलिकराव म्हणाले. "यायले पंचविसात झोप येते? मी बसतो. गिऱ्हाईक सोडाचं नाई." आणि ते त्या ओस चौकात तीन तास एकटेच बसून राहिले. अनुसयाबाई मात्र आम्ही उतरलो होतो त्या पिलारबाईंच्या घरी जाऊन घोरायला लागल्या. पिलारबाई म्हणजे सत्तरीची विधवा घरमालकीण. त्यांना मराठी येत नव्हतं, अनुसयाबाईंना स्पॅनिश येत नव्हतं, तरी पहिल्या संध्याकाळपासून दोघी दाराबाहेर खुर्च्या टाकून तासन्‌तास गप्पा मारत होत्या.

"समुद्र पाहिला?" रुपेशनं मला विचारलं.

"वरून पाहिला. विमानातून."

"म्हणजे नाई पाह्यला. चला."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी हिरव्या साडीचा पदर खोचला आणि निघाले.

गाव उतरणीवर वसलेलं होतं. पांढऱ्या भिंती, निळी दारं, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी देता-घेता यावी. गॅलऱ्यांमधून कुंड्या लोंबत होत्या, वाळत घातलेल्या चादरींतून साबणाचा वास येत होता. एका वळणावर गार वारा अंगावर आला आणि गल्ली संपली... पुढं सगळं निळं होतं.

मी थबकले. एवढं पाणी! उन्हाळ्यात वर्ध्यातल्या नळाला एक दिवसाआड येतं त्या पाण्याचा विचार डोक्यात आला आणि डोळे कसे भरून आले ते मलाच कळलं नाही.

"मीबी पहिल्यांदा रडलो होतो," तो हळूच म्हणाला. "मुंबईले. जहाजावर चढलो तवा. पण मी आईची आठवण येऊन राह्यली म्हणून सांगितलं."

"मी रडत नाहीये. वाऱ्यानं पाणी आलंय."

"हाव. इथला वारा तसाच आहे."

चपला हातात घेऊन मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली आणि मी चटकन त्याची बाही धरली. त्यानं हात तसाच स्थिर धरला. मीही लगेच सोडली नाही... म्हणजे दोन लाटा येऊन गेल्यावर सोडली.

"जहाजावर काय काम करता?" मी अगदी भोळेपणानं विचारलं.

"स्वयंपाकी." त्यानं हे जरा जास्तच स्पष्ट म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आता इथंच एका शहरात, हॉटेलात आहे. तिथंबी स्वयंपाकीच. काही लोकायले ते खालच्या दर्जाचं वाटते."

"काही लोकांना मुलीची उंचीसुद्धा कमी वाटते," मी म्हटलं.

"कोणत्या आंधळ्याले?"

या माणसाच्या निगरगट्टपणाची कमाल वाटली मला. स्वतःच्याच घरच्यांनी नापसंत केलेल्या मुलीला हा असं विचारत होता! पण परत येताना चढ लागला तेव्हा त्यानं माझ्या चपला मागून घेतल्या आणि मी दिल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच हजर. "सुट्टीवर आहे, काम नाई," म्हणाला आणि आमचा दुभाषा झाला. एक टोपीवाला म्हातारा बराच वेळ माझं कातणं बघत उभा होता. तो काहीतरी लांबलचक बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सूत लय बारीक आहे. अन् कातणारी..."

"कातणारी काय?"

"...कातणारी रागीट दिसते."

"त्यांनी असं म्हटलं?"

"पहिलं त्यायनं म्हटलं. दुसरं मी जोडलं."

मी हसू दाबायला चरख्यावर वाकले आणि सूत तुटलं. तो म्हणाला, "हे माळेमुळं नाई तुटलं बरं का." अनुसयाबाई शेजारी टकळी फिरवत होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीकडे एकदा पाहिलं, आणि घसा खाकरला.

त्या दुपारी आम्ही पुन्हा पाण्यात उभे राहिलो. त्या संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत ऊन होतं आणि नऊ वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो. वर्ध्याच्या स्टेशनबाहेरच्या पोह्यांवर, कापसाच्या हंगामात अंगाला येणाऱ्या खाजेवर, सावंगीच्या दवाखान्यात त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा तो जहाजावर होता त्यावर. त्याच्या घरापासून माझं घर ऑटोनं दहा मिनिटांवर, आणि भेट व्हायला हे एवढं अंतर यावं लागलं, असं तो म्हणाला तेव्हा 'खोटारडा' असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कारण विचारून टाकलं असतं तर हे सगळं संपलं असतं. आणि मला ते संपायला नको होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला सांगितली नव्हती. हिंगणघाटच्या एका मुलाकडून होकार आला होता. मुलगा शिक्षक, माणसं बरी. "तू वापस आली की सांग, मंग साखरपुड्याची तारीख धरू," बाबा म्हणाले होते. चार वेळा ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या मला पाचव्यांदा होकार आला म्हटल्यावर हायसं वाटलं होतं. मी जवळजवळ हो म्हणूनच विमानात बसले होते.

* * *

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रुपेशनं पिलारबाईंच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्याच्या शहरात एका बंगाली माणसाचं दुकान होतं, तिथून त्यानं बसच्या ड्रायव्हरबरोबर पोहे मागवले होते. पोह्यांवर ओतायला बाटलीतल्या उकडलेल्या हरभऱ्याची लालभडक तर्री केली, तीही अनुसयाबाईंनी पिशवीत घालून आणलेल्या भिवापुरी तिखटाची. सगळ्या गल्लीला ठसका लागला.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. पुंडलिकराव कसल्या तरी सत्काराला गेले होते. आतून रुपेश आला. हातात ट्रे, खांद्यावर पंचा, वाफेनं लाल झालेला चेहरा, आणि तर्री सांडू नये म्हणून नजर खाली.

अनुसयाबाईंनी मांडीवर थाप मारली. "अवं काजल, पाह्य नं! पोट्टा कसा ट्रे घेऊन आला, जसा दाखवाच्या कार्यक्रमाले! ठेव गा बापू. अन् बस इथं, खुर्चीवर. आमी तुले पाहाले आलो."

तो बसला. हात गुडघ्यांवर, पाय जुळवून. नाटक छान येत होतं त्याला.

"शिक्षण?"

"हॉटेल मॅनेजमेंट, नागपूर."

"सैपाक येते?"

"त्याचंच खातो मावशी."

"शिवणटिपण?"

"बटण लावता येते."

"मोठ्या मान्साइले मान देतं का?"

"तुम्हाले देऊन राह्यलो नं."

"बरं. चालून दाखव."

तो उठला, लाजत लाजत खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. पिलारबाईंना काय कळलं कोण जाणे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी हसले की तर्री नाकात गेली.

"आता शेवटचं," अनुसयाबाईंनी डोळे बारीक केले. "याच्या आंधी कोनं पाह्यलं का तुले?"

रुपेशचं हसू मावळलं. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"मले नाई... माह्या फोटोले पाह्यलं होतं. वर्ध्यातच. आई गेलती पोरगी पाहाले. आईले लय आवडली होती. पण पोरीकडच्यायनं निरोपच नाई धाडला. दहा महिने झाले."

माझा चमचा ताटलीवर आपटला.

"निरोप तुम्ही धाडायचा होता!"

 तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"मुलाकडचे पाहून जातात," मी उठूनच उभी राहिले, "मुलाकडचे कळवतात! सगळ्या जगात हीच रीत आहे!"

"आमच्या घरी पोरीकडचे इचारतात! कसं काय, पसंत हाये का म्हणून! आई दोन महिने फोनपाशी बसून जेवत होती!"

"आणि माझे बाबा? जन्मभर ज्यांनी गावाला टपाल वाटलं, ते रोज दारात उभं राहून पोस्टमनची वाट बघत होते!"

"मंग एक फोन काऊन नाई केला?"

"मुलीच्या बापानं मागं लागायचं? तुम्ही काऊन नाई केला?"

"माह्या मायनं पोरगी मागत फिराचं?"

आम्ही दोघंही धापा टाकत थांबलो. अनुसयाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच होतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी पिलारबाईंना समजावलं. इकडे एक घर, तिकडे एक घर, मध्ये ऑटो, टेलिफोन, आणि दोन्हीकडे हाताची घडी. पिलारबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं.

"तुमाले?"

"...हो."

मग तो हसायला लागला, आणि मीही.

* * *

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही बंदराच्या दगडी धक्क्यावर जाऊन बसलो. मासेमारीच्या होड्या येत होत्या. बारीक पाऊस पडून गेला होता, दगड ओले होते, त्यानं आपला शर्टावरचा स्वेटर काढून माझ्यासाठी अंथरला.

"मी इथं योगायोगानं नाई आलो, काजल."

मी पाय वर घेऊन त्याच्याकडे वळले.

"आईनं फोनवर सांगितलं. प्रेमदासभाऊची पोरगी पेपरात आली म्हणे, स्पेनले चालली. मी गावाचं नाव इचारलं. आईले ते वाचता येईना, तिनं एक एक अक्षर सांगितलं." तो थांबला. "पाच तास बसनं आलो. सुट्टी काढून. मले एकच गोष्ट इचाराची होती... स्वयंपाकी म्हणून नाई म्हटलं का? तेवढं इचारून दुपारच्या बसनं वापस जाणार होतो."

"मग?"

"मंग तू दिसली. हिरव्या साडीत. चरख्यावर रागावून बसली होती. म्हटलं, उद्या इचारू." त्यानं मान खाली घातली. "दुसऱ्या दिवशीबी म्हटलं, उद्या."

माझ्या गालांवर ऊन नव्हतं तरी ते तापले. "तुम्ही मला कसं ओळखलं? माझा फोटो तर दिला नव्हता बाबांनी."

"वर्ध्याच्या तिघांत पोरगी तू एकलीच. अन् आईनं सांगितलंच होतं नं. त्या दिवशी तुमच्या घरी तिच्या पिशवीचा बंद तुटला. निघताना तू सुईदोरा घेऊन बसली, अन् शिवून दिला. आई म्हणाली, पोरगी हसली नाई, बोलली नाई, पण बंद असा शिवला की पिशवी फाटन, बंद नाई तुटणार. दहा महिने मले तेच ऐकवून राह्यली."

मी तो बंद पार विसरले होते. हा माणूस विसरला नव्हता. मला त्याचा हात धरावासा वाटला, इतका की मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. कारण आता न सांगणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं.

"रुपेश... हिंगणघाटचं एक स्थळ आहे. त्यांचा होकार आलाय. मी परत गेले की तारीख धरणार आहेत."

एक होडी धक्क्याला लागली. कुणीतरी दोर फेकला, कुणीतरी झेलला. तो तिकडेच बघत होता.

"माणसं चांगली आहेत?"

"आहेत."

"मंग... चांगलं झालं नं." तो उठला आणि मला हात न देता बाजूला उभा राहिला. "तुमी चला, उशीर झाला. माही उद्या दहाची बस आहे."

मघाशी 'तू' होतं, ते पुन्हा 'तुमी' झालं. तेवढ्यानं मला जे दुखलं ते आधीच्या तिन्ही नकारांनी मिळून दुखलं नव्हतं.

* * *

सकाळी मी उठले तेव्हा अनुसयाबाई रिकाम्या बाटलीत भरून आणलेलं समुद्राचं पाणी उजेडात धरून बघत होत्या.

"तो नाई आला आज," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"त्याची बस आहे दहाची."

"मंग तू काऊन बसली? आता कोनाच्या निरोपाची वाट पाहून राह्यली?"

मी पायात चपला सरकवल्या आणि गल्ली उतरत सुटले. साडेनऊ झाले होते. मला तो हवा होता. हे एवढं सोपं वाक्य होतं, पण आजवर कुणी मला ते विचारलंच नव्हतं. उंची विचारली, पगार विचारला, भाकरी गोल येते का विचारलं. 'तुला कोण पाहिजे' हे ना बाबांनी विचारलं, ना मी स्वतःला.

बस थांब्याला लागूनच परदेशी फोन लावायचं दुकान होतं, आपल्या एसटीडी बूथसारखंच, काचेच्या खोक्यांचं. रुपेश थांब्यावर उभा होता, खांद्याला बॅग. मला बघून तो पुढे आला, पण मी "थांबा" म्हणून सरळ आत शिरले. आधी घरी फोन लावला.

"बाबा, हिंगणघाटच्या लोकांना नाही म्हणून कळवा. आजच कळवा. त्यांना ताटकळत ठेवू नका."

पलीकडे खरखर. "काय झालं बेटा? काही कमी हाये का त्या पोरात?"

"काही कमी नाही बाबा. पण मला दुसरं कुणीतरी पाहिजे. आल्यावर सगळं सांगते."

बाबांनी मोठा श्वास घेतला. "तुनं पहिल्यांदा 'पाहिजे' म्हटलं," ते म्हणाले. "कळवतो."

मी काचेचं दार उघडलं. "तुमच्या घरचा नंबर सांगा."

"काऊन?"

"सांगा तर."

तो सांगत गेला, मी आकडे दाबत गेले.  तिकडे दुपार झाली असेल. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला.

"कोन?"

"जयभीम मावशी. मी काजल. वर्ध्याची, प्रेमदास पोस्टमनची."

"जयभीम... अवं हाव, काजल!" धुरपताबाईंचा आवाज एकदम सावध झाला. "बोल बेटा. कोठून बोलून राह्यली?"

"स्पेनमधून. मावशी, आमच्याकडून निरोप द्यायचा राहिला होता. तो द्यायला फोन केला." मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "मी मुलगा पाहिला. पोहे खाल्ले, चालवूनसुद्धा पाहिला. मला पसंत आहे."

दाराला टेकून उभा असलेला रुपेश जागच्या जागी सरळ झाला.

 पलीकडून धुरपताबाईंनी असा हंबरडा फोडला की मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. "अवं माय माहे! मंग एवढे दहा महिने काऊन लावले वं पोरी?... अन् पोट्ट्याले इचारलं का?"

 चार घरच्या माणसांनी मला न विचारता माझं ठरवलं म्हणून मी इतकी वर्षं कुढत होते, आणि आज मीसुद्धा अगदी तेच केलं होतं! मी फोनवर हात ठेवला.

"रुपेश, आई विचारताहेत..." माझा आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नसेल. "तुम्हाला मुलगी पसंत आहे का?"

बाहेर दहाची बस येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. रुपेशनं बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरची बॅग काढून जमिनीवर ठेवली. मग तो त्या एका माणसाच्या खोक्यात माझ्या शेजारी कसाबसा मावला, माझ्या हातावरच हात ठेवून त्यानं फोन स्वतःच्या कानाशी नेला. त्याचा तळवा घामानं ओला झाला होता.

"आई, हाव म्हण," तो म्हणाला. "लवकर म्हण वं, नाईतं पुन्हा दहा महिने जातीन."

"अवो आयकता का!" धुरपताबाई तिकडे नवऱ्याला ओरडून सांगत होत्या, ते आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. "पोरीकडून निरोप आला! आंधी प्रेमदासभाऊकडे जा, चपला घाला!"

बाहेर बस निघून गेली. पुढची साडेबाराला होती.